ऑडिओलॉजीत नवे आहात आणि काही बदलायचंय? मग या क्रमाने जा

शिक्षण संपवून ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून कामाला लागलं की पहिल्या काही महिन्यांतच दिसतं, की शिकलेलं बरंच काही प्रत्यक्षात होत नाही. कर्णयंत्र बसवल्यावर कानात प्रोबची नळी घालून आवाज पडद्यापर्यंत नेमका किती पोहोचतोय हे मोजायचं असतं. ते मोजणारं यंत्र कपाटात पडून असतं. नवजात बाळांची तपासणी होते, पण ज्यांना पुन्हा बोलावलं ती बाळं आली का, हे कुणी पाहत नाही. हे बदलायला हवं असं विभागात सगळ्यांना वाटत असतं. मात्र सुरुवात कुणी आणि कुठून करायची, हे कोणत्याच अभ्यासक्रमात नसतं.

मी या सगळ्यातून गेले आहे: प्रस्ताव लिहिणं, तो परत येणं, पुन्हा लिहिणं, मंजुरी मिळाल्यावर तो रोजच्या कामात उतरवणं. हा लेख नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी आहे, म्हणजे निदान क्रम तरी चुकणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. व्यवसायाचा दर्जा, पदनाम, अधिकार या मागण्या घेऊन गेलात तर समोरचा लगेच सावध होतो. रुग्ण नेमका कुठे अडकतो हे दाखवलंत तर तोच माणूस खुर्ची पुढे ओढून ऐकतो. दर्जाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो रुग्णाच्या अडचणीतून मांडला की पुढे सरकतो.

आधी हे जमवून ठेवा

- मागच्या सहा महिन्यांच्या तपासण्यांची यादी, रुग्णांची नावं आणि ओळख काढून टाकलेली. ही यादी वापरायला विभागप्रमुखांची लेखी परवानगी.
- विभागातल्या प्रत्येक यंत्राचं मॉडेल, खरेदीचं वर्ष आणि शेवटच्या कॅलिब्रेशनचं (यंत्र अचूक मोजतंय ना, याच्या तपासणीचं) प्रमाणपत्र.
- तपासणीसाठी रुग्ण कोण पाठवू शकतं, रिपोर्टवर कुणाची सही लागते, याबद्दल संस्थेचे लेखी नियम. तोंडी सांगितलेले नियम चालत नाहीत. बरेचदा ते कुठेच लिहिलेले नसतात, आणि ही माहितीसुद्धा पुढे कामाला येते.
- तुमचं नोंदणी प्रमाणपत्र आणि तुमच्या नोंदणीनुसार तुम्हाला काय करता येतं, याचा कायद्यातला मजकूर.
- जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा श्रवणविषयक जागतिक अहवाल आणि त्याच वर्षीची श्रवण-तपासणी कार्यक्रम राबवण्याबद्दलची पुस्तिका. दोन्ही मोफत मिळतात.
- एक साधी स्प्रेडशीट. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

१. एकच अडथळा निवडा

नव्या माणसाची यादी लांब असते: नवी साउंड-ट्रीटेड खोली हवी, बेराचं (आवाजाला मेंदूपर्यंतच्या नसांचा प्रतिसाद मोजणारं) दुसरं यंत्र हवं, टेलिऑडिओलॉजी म्हणजे दुरून तपासणीची सोय हवी, चक्कर येणाऱ्या रुग्णांसाठी वेगळा दिवस हवा. सगळं रास्त आहे, पण एकदम मागितलं की काहीच मिळत नाही.

निवडताना मी एवढंच पाहते, की हा अडथळा दूर झाला तर वर्षभराच्या आत मोजता येईल असा फरक दिसेल का, आणि तो फरक ऑडिओलॉजीबाहेरच्या माणसाला कळेल का. 'कर्णयंत्र नेऊन ते न वापरणारे रुग्ण' हा विषय कुणालाही कळतो. 'विभागाचं अद्ययावतीकरण' या शब्दांमागे नेमकं काय आहे, ते कुणालाच दिसत नाही.

२. रुग्ण ज्या वाटेने जातो ती स्वतः चालून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून इथे जरा थांबते. उदाहरण नवजात बाळाच्या तपासणीचं घेऊ.

जगभर मान्य असलेलं उद्दिष्ट असं: पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार आणि मदत सुरू. याला एक-तीन-सहा म्हणतात. अमेरिकेतल्या बालश्रवणविषयक संयुक्त समितीने २०१९ मध्ये, ज्यांना हे साधलं आहे त्यांनी एक-दोन-तीनचा प्रयत्न करावा, असं सुचवलं. यामागे ठोस कारण आहे. क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली असते.

आता वॉर्डात जा. बाळ एक दिवसाचं आहे. ओएईचा, म्हणजे आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणाऱ्या तपासणीचा, प्रोब कानात घातला, पण कानाच्या नळीत जन्मावेळचा पांढरा थर अजून आहे आणि शेजारच्या खाटेवरचं बाळ रडतंय. यंत्र 'रेफर' दाखवतं, म्हणजे पुन्हा तपासणी हवी. आता इथून पुढे काय होतं ते बघा. आईला हे कोण सांगतं? कोणत्या शब्दांत सांगतं? मी असं पाहिलं आहे, की डिस्चार्जच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी जाते, तिच्यावर इंग्रजीत एक शब्द आणि पुढच्या तारखेची रिकामी जागा असते. आई चिठ्ठी नीट घडी करून ठेवते, आणि घरी मोठी माणसं म्हणतात, लहान आहे अजून, ऐकेल. नोंदवलेला फोन नंबर वडिलांचा असतो आणि ते कामावर असताना फोन घेत नाहीत. दुसरी तपासणी ज्या दिवशी असते त्या दिवशी लसीकरणाचा दिवस नसतो, म्हणून वेगळी फेरी पडते. ती फेरी झाली तर पुढे बेरा. त्यासाठी बाळ झोपलेलं हवं, आणि वेळ मात्र सकाळी गर्दीतली दिलेली असते.

प्रत्येक टप्प्यावर तीन रकाने भरा: काम कोण करतं, किती दिवस जातात, कोणता कागद पुढे जातो. यंत्र चांगलं असूनही साखळी कुठे तुटते, ते या कागदावर स्पष्ट दिसतं.

हे फक्त साधनं कमी असलेल्या ठिकाणी होतं असं नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ बैठकीने सर्व नवजातांच्या तपासणीची शिफारस केली, आणि आज तिथे ९५ टक्क्यांहून जास्त बाळं तपासली जातात. तरीही २००५ च्या सुमारास प्राथमिक तपासणीत 'रेफर' आलेल्या निम्म्याहून अधिक बाळांचं पुढे काय झालं याची नोंदच सापडत नव्हती. नंतरच्या वर्षांत हे प्रमाण खाली आलं, ते पाठपुरावा आणि नोंदी सुधारल्यामुळे.

३. आकडे गोळा करा, आणि ते पारखून घ्या

किमान तीन महिन्यांची आधीची स्थिती लिहून काढा. बदल केल्यानंतरचे आकडे कितीही चांगले असले तरी आधीचे नसतील तर त्यांना अर्थ उरत नाही.

नवजातांच्या बाबतीत एवढे रकाने पुरतात: जन्मलेली बाळं, तपासलेली, रेफर आलेली, परत आलेली, निदान झालेली, निदानाच्या वेळचं वय, मदत सुरू झाली ते वय. कर्णयंत्राच्या बाबतीत: यंत्र दिल्याची तारीख, कानातली मोजणी झाली की नाही, तीन महिन्यांनी रोज किती तास वापर. हे तास आजच्या बहुतेक यंत्रांत आपोआप नोंदले जातात. रुग्णाला विचारलेला आकडा आणि यंत्रातला आकडा यांत बरेचदा अंतर असतं.

इथे नेहमी होणाऱ्या चुका:

टक्केवारीसोबत मूळ संख्या न देणं. पाचपैकी चार म्हणजेही ८० टक्केच.

ज्यांची माहितीच मिळाली नाही त्यांना 'नॉर्मल' धरणं. त्यांचा रकाना वेगळा ठेवा. बहुतेक वेळा खरी समस्या त्याच रकान्यात असते.

कॅलिब्रेशन संपलेल्या यंत्रावरचे आकडे मांडणं. विरोध करणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि त्याचं बरोबर असतं. खोलीतल्या आवाजाची पातळीही मोजून लिहून ठेवा.

४. त्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसांना सोबत घ्या

'सहकार्य' म्हटलं की नवी माणसं परिषदा आणि करारांचा विचार करतात. खरं सहकार्य म्हणजे दुसऱ्या टप्प्यात काढलेल्या कागदावर ज्यांची नावं आली त्यांना एकेक करून भेटणं, आणि भेटताना त्यांचं काम कुठे अडतंय हे आधी विचारणं.

*कान-नाक-घसा तज्ज्ञ.* इथे जुने ताण असतात. झाकून उपयोग नाही. त्यांची रास्त भीती अशी, की ऑडिओलॉजिस्टकडे थेट आलेल्या रुग्णात एखादा गंभीर आजार नजरेतून सुटेल. या भीतीचं उत्तर वादात नसतं, कागदावर असतं. धोक्याच्या लक्षणांची यादी त्यांच्यासोबत बसून बनवा: अचानक कमी झालेलं ऐकू येणं, एकाच कानातला दोष किंवा एकाच कानातला आवाज, कानातून स्राव, चक्कर, चेहऱ्याच्या एका बाजूची कमजोरी. तीन दिवसांच्या आत अचानक ऐकू येणं कमी झालं असेल तर तो रुग्ण तातडीचा, कारण स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो. असा रुग्ण आला तर त्याच दिवशी त्यांच्याकडे जाईल, हे तुम्ही लेखी दिलंत की थेट तपासणीला असलेला विरोध बराच मावळतो.

*बालरोगतज्ज्ञ.* यांच्यासाठी तुमच्याकडे एक अत्यंत उपयोगी गोष्ट आहे. जन्मजात सायटोमेगालो विषाणूचा संसर्ग हे बालपणीच्या श्रवणदोषाचं मोठं कारण आहे, आणि संसर्ग जन्मजात आहे हे खात्रीने सांगायचं तर लाळेची किंवा लघवीची तपासणी जन्मानंतर २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. म्हणजे 'रेफर'चा निकाल बालरोगतज्ज्ञांपर्यंत वेळेत पोहोचला तरच ही संधी राहते. एक महिन्याने पुन्हा बोलावण्याची जुनी पद्धत बदलायला यापेक्षा मजबूत कारण मला अजून सापडलेलं नाही.

*कर्करोग विभाग.* सिस्प्लाटिन या कर्करोगावरच्या औषधामुळे कानाचं होणारं नुकसान बहुधा उच्च वारंवारतेपासून सुरू होतं, म्हणून नेहमीच्या ८,००० हर्ट्झपर्यंतच्या तपासणीत ते सुरुवातीला दिसत नाही. पहिल्या डोसच्या आधी एक तपासणी आणि त्यात ८,००० च्या वरच्या वारंवारता, एवढी मागणी घेऊन जा. केमोथेरपीच्या परिचारिकेशी ओळख असेल तर हे फॉर्मशिवायही सुरू होतं.

*परिचारिका, नोंदणी खिडकीवरचा माणूस, बायोमेडिकल अभियंता.* यांना कुणी बैठकीला बोलावत नाही. फोन नंबर दोन घ्यायचे की एक, पुढची तारीख लसीकरणाच्या दिवशी टाकायची की नाही, प्रोबच्या टिप संपण्याआधी मागवायच्या की नंतर, हे सगळं यांच्या हातात असतं. त्यांना पहिल्या बैठकीपासून बोलवा आणि अहवालावर त्यांची नावं घाला.

*वाचा-भाषा उपचारक आणि विशेष शिक्षक.* निदानानंतरचं सगळं आयुष्य यांच्यासोबत जातं. तुमचं यंत्र नीट चालतंय की नाही हे तुमच्याआधी त्यांना कळतं.

५. रिपोर्टची भाषा बदला

याला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत, उद्यापासून करता येतं.

आपला नेहमीचा रिपोर्ट असा असतो: 'दोन्ही कानांत मध्यम ते तीव्र सेन्सरीन्यूरल श्रवणदोष. कर्णयंत्राचा सल्ला.' बालरोगतज्ज्ञ किंवा शाळेतल्या बाई यातून काय करणार?

त्याखाली चार ओळी वाढवा: 'शांत खोलीत हातभर अंतरावरून मोठ्याने बोललेलं बरंचसं समजतं. वर्गात मागून बोललेलं समजत नाही. स, श, फ, थ असे आवाज सुटतात, म्हणून शब्दांचे शेवट चुकू शकतात. दोन्ही कानांना यंत्र हवं; बसवल्यावर कानातली मोजणी या विभागात अमुक तारखेला.' आकडे आणि आलेख वर आहेतच. पण या चार ओळींमुळे तुमचा रिपोर्ट फाइलमधून बाहेर येतो आणि कुणाच्या तरी कामाचा होतो. काही महिन्यांत इतर विभाग तुम्हाला फोन करून विचारू लागतात. पुढच्या प्रस्तावाला पाठिंबा तिथूनच मिळतो.

६. रुग्णांना आणि पालकांना बोलू द्या

आपण आपल्याच व्यवसायासाठी मागतो तेव्हा ते मागणंच वाटतं. ज्याला त्रास झाला तो बोलतो तेव्हा विषय बदलतो.

क्षयरोगाच्या औषधांचं उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर वर्षानुवर्षं कानामायसिनसारखी इंजेक्शनं दिली जात, आणि त्यांतून अनेकांची श्रवणशक्ती कायमची जाई. दक्षिण आफ्रिकेने २०१८ मध्ये इंजेक्शनांऐवजी बेडाक्विलिन ही गोळी देण्याचा निर्णय घेतला, त्यात श्रवणहानी हे महत्त्वाचं कारण होतं. पुढे भारतात, क्षयरोगाच्या उपचारांत ऐकू येणं गमावलेल्या दोघी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले, यांनी बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवण्याला आव्हान दिलं. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. इंजेक्शनांमुळे ऐकू येणं किती जणांचं गेलं हे ऑडिओलॉजिस्टच्या नोंदींतून दिसत होतं. त्या नोंदींना माणसाचा आवाज या दोघींनी दिला.

तुमच्या पातळीवर हे लहान प्रमाणात करा. एखाद्या आईला किंवा आजोबांना बैठकीत पाच मिनिटं बोलायला बोलवा. आधी लेखी संमती घ्या, काय सांगायचं आणि काय नाही हे त्यांनाच ठरवू द्या, आणि नंतर काय झालं ते त्यांना कळवा. शेवटची गोष्ट सर्रास विसरली जाते.

आणखी एक काळजी. सांकेतिक भाषा वापरणाऱ्या बधिर समाजाशी बोलल्याशिवाय त्यांच्याबद्दल कोणतीही मागणी करू नका. अनेकांना बधिरत्व हा दोष वाटत नाही, ती त्यांची ओळख आहे. बैठकीत दुभाषी ठेवा आणि पालकांना यंत्रासोबत सांकेतिक भाषेची माहितीही द्या. त्यांना गृहीत धरून केलेली मोहीम उलटते, आणि उलटायलाच हवी.

७. प्रस्ताव एका पानात बसवा

पहिल्या परिच्छेदात तुमच्या संस्थेची अडचण, तुमच्या आकड्यांसह. मग काय बदलायचं. मग खर्च. मग किती महिन्यांत काय दिसेल. शेवटी सोबत असलेल्यांची नावं आणि सह्या. जागतिक आकडे एका वाक्यात पुरे: जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनाची गरज आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार श्रवणसेवांवर घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे १६ डॉलरचा परतावा मिळू शकतो.

खर्च लिहिताना यंत्राची किंमत सगळे लिहितात. प्रोब टिप, नळ्या, दरवर्षीचं कॅलिब्रेशन, बंद पडलं तर पर्यायी यंत्र आणि माणसाचा वेळ मात्र राहून जातो. खरेदी झालेली कितीतरी यंत्रं केवळ टिप संपल्या म्हणून धूळ खातात. चालू खर्चाची ओळ नसेल तर प्रस्ताव अपुरा समजा.

आता सर्वांत मोठा सापळा: स्मृतिभ्रंश. श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या प्रमुख जोखमींपैकी एक आहे, हे लॅन्सेट आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ च्या अहवालांत मांडलं आहे. यावरून 'कर्णयंत्र लावा, स्मृतिभ्रंश टाळा' अशी घोषणा करू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अचीव्ह' या चाचणीत ७० ते ८४ वयाचे ९७७ जण होते. तीन वर्षांनंतर संपूर्ण गटात बौद्धिक घसरणीत लक्षणीय फरक आढळला नाही. आधीपासून जोखीम जास्त असलेल्या उपगटात मात्र ही घसरण ४८ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. दोन्ही निष्कर्ष एकत्र सांगा. घाबरवून यंत्र विकणाऱ्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतीलच. आपल्या प्रस्तावाला त्यांचा वास येता कामा नये. माणसाला घरातल्यांचं बोलणं समजायला हवं, हे कारण स्वतःच पुरेसं आहे.

८. आधी लहान प्रमाणात करून दाखवा

इंग्लंडमध्ये २००० साली राष्ट्रीय आरोग्य सेवेतल्या श्रवणविभागांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या फेरीत फक्त २० केंद्रं होती. सरकारचा आरोग्य विभाग आणि आरएनआयडी ही श्रवणदोष असलेल्यांसाठी काम करणारी धर्मादाय संस्था यांनी तो मिळून चालवला, आणि मूल्यमापन वेगळ्या संशोधन संस्थेने केलं. नुसती डिजिटल यंत्रं वाटली नाहीत. कानातली मोजणी, रुग्णाला झालेल्या फायद्याची प्रश्नावली, संगणकीय नोंदी आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हे सगळं एकत्र बांधलेलं होतं. एकत्रित खरेदीमुळे डिजिटल यंत्रांची किंमतही बरीच खाली आली. २००५ पर्यंत कार्यक्रम इंग्लंडभर पोहोचला.

यातून घ्यायचं ते असं: एक वॉर्ड, एक बाह्यरुग्ण दिवस किंवा एक शाळा निवडा, सहा महिने चालवा, आणि मूल्यमापन स्वतः न करता दुसऱ्या विभागातल्या कुणाकडून करून घ्या. फायदा मोजायला रुग्णालाच विचारा. 'कॉझी' नावाची सोपी पद्धत आहे: यंत्र देण्याआधी रुग्ण स्वतःची पाचपर्यंत उद्दिष्टं सांगतो, जसं की 'नातवाचा फोन ऐकायचाय', आणि नंतर प्रत्येकात किती फरक पडला ते तोच सांगतो. सगळं एका कागदावर होतं.

९. संस्थेबाहेर बोलायचं असेल तेव्हा

एकट्याने पत्र लिहू नका. व्यावसायिक संघटनेमार्फत जा. संघटना सुस्त वाटत असेल तर तिच्या एखाद्या समितीत काम मागा. कामाला माणसं कमीच असतात, नकार क्वचित मिळतो.

नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला होतो, ती वेळ सर्वांत मोलाची. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाने प्रौढांसाठी दुकानातून थेट विकत घेता येणाऱ्या कर्णयंत्रांचा मसुदा काढला तेव्हा हजाराहून अधिक सूचना आल्या. आवाजाची कमाल मर्यादा फार जास्त आहे, कानाला इजा होऊ शकते, असं ऑडिओलॉजिस्ट आणि इतर तज्ज्ञांनी लिहिलं. ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालेल्या अंतिम नियमात ही मर्यादा ११५ डेसिबलवरून १११ वर आली. कॉम्प्रेशन असलेल्या, म्हणजे मोठे आवाज आपोआप कमी वाढवणाऱ्या, यंत्रांसाठी १२० वरून ११७ वर. एखाद्या नियमातले चार डेसिबल म्हणजे अनेकांचे कान. 'हा नियमच नको' म्हणणाऱ्या पत्रांपेक्षा नेमका आकडा आणि त्यामागचं कारण देणारी पत्रं वाचली जातात.

मोठी मागणी तुकड्यांत मिळते, याचीही तयारी ठेवा. अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेत ऑडिओलॉजिस्टकडे थेट जाता यावं ही मागणी अनेक वर्षांची. २०२३ पासून तातडीच्या नसलेल्या श्रवणतक्रारींसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, १२ महिन्यांतून एकदा अशी सवलत मिळाली. कमीच आहे, पण तिचा वापर नोंदवता येतो आणि पुढची मागणी त्या नोंदींवर उभी करता येते.

दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशी शिबिर भरवण्याइतकाच उपयोग प्रशासनाची भेट मागण्यासाठी करा. तारीख ठरलेली असल्याने भेट मिळणं सोपं जातं.

१०. कामाची वाटणी करायला घाबरू नका

याला व्यवसायातूनच सर्वाधिक विरोध होतो. आशा कार्यकर्ती किंवा तंत्रज्ञ तपासणी करू लागला तर आपलं काय, असा प्रश्न येतो. जागतिक अहवालातला आकडा बघा: कमी उत्पन्नाच्या देशांपैकी ९३ टक्के देशांत दहा लाख लोकांमागे एकही ऑडिओलॉजिस्ट पूर्ण येत नाही. एवढ्या लोकांची पहिली तपासणी आपण कधीच करू शकणार नाही. दक्षिण आफ्रिकेत समाज-आरोग्य सेविकांनी स्मार्टफोनवरच्या ॲपने वस्त्यांमध्ये तपासण्या केल्या आहेत आणि त्या उपयोगी ठरल्या आहेत. कमी साधनांच्या ठिकाणी प्रशिक्षित बिगर-तज्ज्ञांमार्फत कर्णयंत्र सेवा कशी द्यावी, याचं मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं आहे.

मात्र वाटणी लेखी हवी. प्राथमिक तपासणी, यंत्राची सफाई, कानाचे साचे, वापराचा पाठपुरावा हे प्रशिक्षित सहायकाकडे जाऊ शकतं. लहान मुलांचं निदान, बेराचा अर्थ लावणं, धोक्याची लक्षणं असलेले रुग्ण, चक्कर, कॉक्लिअर इम्प्लांटचं (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेल्या यंत्राचं) प्रोग्रामिंग हे तुमच्याकडेच राहायला हवं. प्रशिक्षण तुम्ही द्या, दर तीन महिन्यांनी त्यांच्या तपासण्यांपैकी काही स्वतः पुन्हा करून पडताळा, आणि त्यांनी पाठवलेल्या रुग्णाला तारीख लवकर द्या. वस्तीतून पाठवलेला माणूस तुमच्या दारात आठवडेच्या आठवडे थांबला तर सगळी मेहनत वाया जाते.

११. तुम्ही नसताना चालेल असं बांधा

बदली होते, रजा लागते, नोकरी बदलते. तुमच्यासोबत बदलही निघून जाऊ नये म्हणून सुरुवातीपासून या गोष्टी करून ठेवा: कामाची पद्धत दोन पानांत लिहून विभागप्रमुखांच्या सहीने लागू करणं, प्रत्येक कामासाठी दोन नावं, टिप आणि नळ्या कधी मागवायच्या ती किमान संख्या खरेदी विभागाच्या नोंदीत, कॅलिब्रेशनची तारीख यंत्रावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेली, आणि मासिक आकड्यांची शीट अशा फोल्डरमध्ये, जिथे बालरोग विभागालाही ती उघडता येते.

प्रस्ताव परत आला तर नकाराचं कारण लेखी मागा. 'निधी नाही' असेल तर पाचव्या आणि सहाव्या पायरीवरची कामं तशीच चालू ठेवा, त्यांना निधी लागत नाही. 'गरज सिद्ध होत नाही' असेल तर आणखी तीन महिन्यांचे आकडे जोडा. 'हे तुमच्या कक्षेत येत नाही' असेल तर नोंदणीचा मजकूर आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांसोबत सही केलेली धोक्याच्या लक्षणांची यादी जोडून त्याच टेबलावर पुन्हा पाठवा, आणि या वेळी प्रत बालरोग विभागाच्या प्रमुखांनाही द्या.